अण्णाच्या मापाचे कोट

मागच्या महिन्यात म्हैसूरच्या बोगादी भागातल्या आमच्या वाचन मंडळात मी भांडले. नंतर मंडळाच्या वृत्तांतात "चर्चा चांगलीच रंगली" असं छापलं त्यांनी. चर्चा कसली डोंबलाची, भांडण होतं ते, आणि मी काढलं होतं.

कादंबरी युद्धावरची होती. एकोणीस वर्षांचा पोरगा हौसेने फौजेत जातो, चिखल बघतो, रक्त बघतो, मित्र मांडीवर डोकं ठेवून मरतो, पोरगा घरी येतो, घरच्यांना काही कळत नाही, आणि शेवटच्या पानावर तो खिडकीशी उभा. पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, तरुण सैनिकाचा भ्रमनिरास किती तरल उतरलाय. तरल. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी विचारलं, त्या मित्राला मरायला नेमका बोलण्यापुरता वेळ कसा मिळतो हो दर वेळी? आणि तो नायक, सगळी दुनिया त्याला फसवते, सरकार फसवतं, साहेब फसवतो, पण हा आपला धुतल्या तांदळासारखा. त्याने स्वतः काही वाईट केलं, कुणाला द्यायचं ते दिलं नाही, असं एक पान दाखवा मला. स्वतःबद्दलचा भ्रम फुटलेला एक सोल्जर दाखवा.

प्राध्यापक म्हणाले, तुम्ही फार व्यक्तिगत घेताय. मग एका बाईंनी मला पाणी दिलं, कॉफी दिली, आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलल्या. मी पिशवी उचलली आणि घरी आले. राग काही उतरेना. कसा उतरणार? त्या लेखकाने जे केलं ते त्याच्या कितीतरी वर्षं आधी मी करून बसले होते. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत.

आमचं दुकान मंडी मोहल्ल्यात. वडील, म्हणजे आमचे अप्पा, कटर होते. कापड बेतायचं आणि कापायचं काम त्यांचं, बाकी शिवणारे कारागीर वेगळे. आम्ही विठ्ठलाची माणसं, किती पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलो ते कुणालाच नीट माहीत नाही. घरात मराठी, पण अशी की महाराष्ट्रातला पाहुणा आला तर अर्ध्या वाक्यावर थबकायचा, कारण अर्धं वाक्य कानडी. दुकानात सकाळी अभंग म्हणून मशीन सुरू व्हायचं. दुपारी जेवण झालं की हातकामाची वेळ. काजं, बटणं, तुरपाई. त्या वेळी मशीन बंद, आणि एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत टाके घालायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. पूर्वी पोथी वाचत. पुढे देवळाच्या कपाटात कुणीकुणी बेळगाव-पुण्याहून आणून टाकलेल्या कादंबऱ्या आल्या आणि पोथी मागे पडली. वाचायचं काम माझं होतं, कारण घरात नीट मराठी वाचणारी मीच. आवाजही बरा होता. रडायच्या जागी मी थांबायची, एक श्वास घ्यायची, आणि मग पुढचं वाक्य टाकायची. मला ते छान जमायचं, नि जमतंय हे ठाऊकही होतं.

युद्धाच्या कादंबऱ्या सगळ्यांना आवडायच्या. त्या ढोल बडवणाऱ्या नव्हत्या बरं का. दुःखी होत्या. पोरं मरायची, उरलेली कडवट होऊन परत यायची. माझा भाऊ, आमचा अण्णा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, काजाच्या बाकावर बसून ऐकायचा. सगळ्यांत दुःखी कादंबरी संपली त्याच्या दुसऱ्या महिन्यात तो भरतीला गेला. लोक म्हणतात अशा गोष्टी वाचून पोरांना युद्धाची शिसारी येते. कपाळ त्यांचं. मी अण्णाला विचारलं होतं, अरे, सगळे मरतात त्यात, तुला जायचंय कशाला? तो म्हणाला, "मरत नाही तो परत येतो ना, त्याच्याकडे काहीतरी असतं गं. माझ्याकडे काय आहे? काजं." त्याला ते दुःखच हवं होतं. कुणालाही न कळणारं, भारी, मिशीच्या आत दाबून धरायचं दुःख. अप्पा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि नंतर स्टेशनवर सोडायला गेले.

चीनशी लढाई लागली त्या वर्षी त्याची तुकडी वर डोंगरात होती. नवरात्र झाल्यावर त्याचं पत्र आलं. थंडी आहे, कपडे सुती आहेत, बाकी ठीक. एवढंच. अप्पांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. शिंप्याचा पोरगा कपड्यावाचून गारठतोय, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी देवळात आरतीनंतर ते उभे राहिले. जन्मात चार लोकांसमोर न बोललेला माणूस. म्हणाले, माझ्या पोराच्या तुकडीला कोट पाठवायचे आहेत, कोण कोण शिवतंय? सगळी गल्ली शिवायला बसली. हुणसूरकडच्या एका व्यापाऱ्याने मेंढीच्या लोकरीच्या कांबळीचे तागे दिले. राखाडी, जाड, अंगाला टोचणारं कापड.

मापं कुठून आणायची? अप्पांनी पत्र लिहवलं, सोबत्यांची मापं कळव. उत्तर येईना. दिवस चालले होते. मग त्यांनी मापाची वही काढली, अण्णाचं पान उघडलं, आणि सगळे कोट त्याच एका मापावर कापले. सोल्जर म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं अंग नव्हतंच. एक म्हातारा कारागीर म्हणाला, जरा सैल कापा, आतून स्वेटर घालतील, माणसं कशी कशी असतील. अप्पा भडकले. सैल शिवायचं तर पोतं द्या ना, कोट कशाला? फिटिंग ही त्यांची आयुष्यभराची अब्रू. कापड पुरवायचं म्हणून मायाही सोडली नाही, म्हणजे पुढे उसवून वाढवता यावं म्हणून शिवणीत दडवलेलं कापड. तीस-बत्तीस कोट, सगळे माझ्या शिडशिडीत भावाच्या अंगाचे. बटणं मी लावली. गठ्ठा रेल्वेने गेला, पुढे फौजी टपालाने, आणि आम्ही देवाला नारळ फोडला.

अण्णा उन्हाळ्यात परत आला, डाव्या पायाची दोन बोटं घालवून, फौजेतून मोकळा होऊन. पुन्हा त्याच बाकावर काजाला बसला. अप्पांनी त्याला एकच गोष्ट विचारली. कोट पोचले?

पोचले, तो म्हणाला.

बसले?

बसले, म्हणाला, आणि दोरा ओवायला घेतला.

खरं त्याने मला सांगितलं, महिन्याभराने, गच्चीवर. मी लोणच्याच्या फोडी उन्हात पसरत होते. तो पाय सोडून बसला आणि आपणहून बोलायला लागला. कोट वेळेवर आले होते. पोरांनी उड्या टाकल्या गठ्ठ्यावर. पण एकाचाही हात बाहीत जाईना. रुंद खांद्यांचे गडी सगळे, त्यावर स्वेटर. आधी हसले, मग शिव्या घालायला लागले, कुठल्या गाढवाने शिवलेत म्हणून. आणि हा गाढवाचा मुलगा. शिंप्याचा आहेस ना, कर काहीतरी, म्हणाले. मग तो ब्लेड घेऊन बसला आणि दोन दिवस बापाची शिलाई उसवत राहिला. बाह्या काढून पायांना गुंडाळायला दिल्या, पाठी डोक्याला. अख्ख्या तुकडीत एकालाच कोट जसाच्या तसा बसला, अण्णाला. तो वाळलेला होता, त्यामुळे स्वेटरवरूनही बसला. त्याने तो उसवला नाही.

मग माघार. कितीतरी दिवस उतरत चालले होते. त्याच्या जोडीला हासनकडचा एक पोरगा होता, तुकडीत कानडी बोलायला तेवढा एकच. चांगला पैलवानासारखा. त्याला ताप भरला. एका संध्याकाळी खडकाच्या आडोशाला सगळे थांबले, बर्फ भुरभुरत होतं, तो पोरगा अण्णाला टेकून बसला आणि दात वाजवायला लागला. अण्णाने बटणाला हात लावला. वरचं बटण निघालं. इथे अण्णा बोलायचा थांबला.

"मग?" मी विचारलं.

"मग ते मला अप्पांना सांगायचंय. आधी अप्पांना. ते काय म्हणतात ते ऐकायचंय मला. तोवर तू तोंड उघडू नको."

मी मान हलवली. खरंच हलवली. आणि पंधरा दिवसांत कथा लिहून बसले.

आता मला कळलं नव्हतं असं म्हणून मी सुटले असते. पण मला कळलं होतं. त्याच गच्चीवर, बोलण्याच्या सुरुवातीलाच, तो म्हणाला होता की इस्पितळात त्याचा कोट अंगावरून कात्रीने कापून काढला. अंगावरून. मग तो दुसऱ्याच्या अंगावर कसा असेल? कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला एवढं समजत नाही? समजतं. समजलं, आणि मी ते बाजूला सारलं, कारण ते कथेत बसत नव्हतं. इतक्या दुपारी इतक्या कादंबऱ्या वाचल्या होत्या मी. बटणाला हात गेला म्हटल्यावर पुढे काय होतं हे मला पाठ होतं.

माझ्या कथेतला सैनिक कोट काढतो. कोट मित्राला होणार नाही हे मला माहीत होतं, शेवटी मी शिंप्याची मुलगी, म्हणून मी घातला असं लिहिलं नाही. पांघरला, असं लिहिलं. त्या एका शब्दावर मी किती खूश झाले होते ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. मग मित्र देशाबद्दल, पुढाऱ्यांबद्दल एक कडवट वाक्य बोलतो. मरताना. पूर्ण वाक्य, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. मग मरतो. नायक परत येतो आणि कुणाशी बोलत नाही. कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. छापून आली, वर पहिलं बक्षीस. परीक्षकांनी लिहिलं होतं, इतक्या लहान वयाच्या लेखिकेने तरुण सैनिकाचा भ्रमनिरास विलक्षण समजुतीने टिपला आहे. समजुतीने म्हणे.

अंक दुकानात आला. अप्पा म्हणाले, वाच. मी म्हटलं, नंतर वाचते. ते म्हणाले, नंतर कशाला, आज सगळे आहेत. तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पोट दुखतंय म्हणायला हवं होतं. पण मला वाचायचं होतं हो. माझी कथा, छापलेली, माझ्या आवाजात. अण्णा समोरच बाकावर काज करत बसला होता आणि मी वाचलं. रडायच्या जागी थांबले, श्वास घेतला. पांघरला या शब्दावर आवाज खाली आणला.

कारागिरांचे हात थांबले. सगळे अण्णाकडे बघायला लागले. अण्णाने मान वर केली नाही, त्याची सुई चालूच होती. अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, उठले, आणि सगळ्यांदेखत अण्णाच्या डोक्यावर हात ठेवला. आम्हां भावंडांना त्यांनी कधी असा हात लावल्याचं मला आठवत नाही. मग ते देवळात गेले आणि सांगत सुटले. माझ्या पोराने अंगातला कोट काढून दिला. भाजीवाल्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना माप घेता घेता सांगितलं.

त्या संध्याकाळी अण्णा मला म्हणाला, "आता मी अप्पांना काय सांगू?"

मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, अय्यो, ती कथा आहे रे, नावं वेगळी आहेत, तुझा काय संबंध? तो मग "साकु" म्हणाला. साकु म्हणजे पुरे. आणि उठून गेला. त्यानंतर माझ्याशी तो चांगलाच वागला. माझ्या लग्नात राबला, माझ्या मुलांना खेळवलं. पण त्या गच्चीवर बोलला तसं पुन्हा कधीही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायचं तोंड होतं कुठे मला?

अप्पांना सांगायचा प्रयत्न त्याने केला. मला माहीत असलेला असा एकदा. पुढच्या वर्षी दसऱ्याला मशीनची पूजा झाली, दुकानात दोघंच होते, मी मागच्या खोलीत नैवेद्य काढत होते. तो म्हणाला, अप्पा, त्या कोटाचं जरा बोलायचंय. अप्पा म्हणाले, काय बोलायचंय, सगळं ठाऊक आहे मला, आणि पेढा त्याच्या तोंडात भरला. पेढा भरलेल्या तोंडाने माणूस कसला कबुलीजबाब देणार? मी आत उभी होते. बाहेर येऊन म्हणू शकले असते की अप्पा, ते खोटं आहे, मी रचलंय. नाही आले. बापाच्या डोळ्यांत पोरगा मोठा झालाय, मोडू कशाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण दुसरं होतं. कथा खोटी आहे हे कबूल करावं लागलं असतं, आणि बक्षिसाचा कागद दुकानात फ्रेम करून लावला होता.

अशी आठ वर्षं गेली. अप्पा अंथरुणाला खिळले. शरीर गेलं होतं, डोकं लख्ख होतं. मी माहेरी आले होते. एका सकाळी मी त्यांना चमच्याने गंजी भरवत होते, पातळ भाताची पेज, आणि अण्णा आत आला. दुकान उघडायची वेळ होती, पण त्याने किल्ल्या परत खुंटीला लावल्या आणि पलंगाच्या कडेला बसला. मी उठायला लागले तर म्हणाला, बस तू.

मग त्याने एका दमात सांगितलं. "अप्पा, कोट मी दिला नाही. माझ्याच अंगात होता. वरचं बटण काढलं होतं, ते परत लावलं. तो पोरगा माझ्या खांद्याला टेकून गारठून मेला. मला कळलं तेव्हा उजाडलं होतं."

अप्पा हसले. अगदी मायेने हसले. म्हणाले, मोठेपणा नको म्हणून असं बोलतोस तू, लहानपणापासून तुझं तसंच. सगळं छापून आलंय, मी ऐकलंय.

"ते हिने रचलंय, अप्पा," अण्णा म्हणाला. "कोट माझ्या मापाचा होता. तुम्हीच कापला होता. त्याला झालाच नसता."

मला वाटलं, आता अप्पांना कळेल. कटर माणूस, मापाची गोष्ट त्यांना कळणारच. आणि कळलीही. त्यांनी चमचा हाताने बाजूला केला आणि अण्णाचा हात धरला.

"व्हायला कशाला हवा रे?" ते म्हणाले. "गारठलेल्या माणसाला कोट घालत नाहीत. पांघरतात. तू पांघरलास ना, तेच मोठं."

अप्पांनी उरलेली गंजी मागितली, मी भरवली. थोडी त्यांच्या हनुवटीवर सांडली, ती अण्णाने पुसली. तिसऱ्या दिवशी अप्पा गेले, मुलाबद्दल अभिमान घेऊन.

मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, कथा लिहिल्या, एकदा कुठल्याशा संमेलनात युद्धकथेवर बोललेसुद्धा, आणि बोलताना कसली लाज वाटली नाही. टाळ्या पडल्या. तो राग मला त्या पुण्याच्या प्राध्यापकांवर काढता येतो, त्या लेखकावर काढता येतो, सोपं आहे ते. पण त्या सकाळी अप्पांना भरवून झाल्यावर मी भांडं घेऊन मोरीवर गेले, तेव्हा अण्णा माझ्या मागून आला, तिथे कुणावर काढणार होते?

तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून तो तसाच उभा राहायचा. मला वाटलं आता हा शिव्या घालेल, आणि मला त्या हव्याच होत्या.

"बरोबर बोलले अप्पा," तो म्हणाला. "आठ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्याला झाला नसता. पांघरता आला असता गं. माझ्या डोक्यातच आलं नाही. तुला इथे घरात बसून कसं सुचलं?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि मी नळ सोडून भांडं घासत राहिले.